सहीपर्यंतचं अंतर

चिंचपाड्याच्या फलाटावर उभं राहिलं की उत्तरेला तापीचं खोरं आणि त्यापलीकडे सातपुडा, दक्षिणेला सह्याद्रीची उतरत आलेली टोकं. पश्चिमेला नवापूर आणि लगेच गुजरात, पूर्वेला खांडबारा, मग नंदुरबार. रंगावली, सरपणी, नेसू या नद्या डोंगरातून निघून तापीकडे धावतात. खानदेशाच्या बाकी तालुक्यांपेक्षा इथं पाऊस जास्त, म्हणून शेतात भात दिसतो आणि तुरीला नाव आहे. घराघरांत मावची बोलली जाते, काही पाड्यांवर कोकणा समाजाची बोली. बाजारात मराठी आणि गुजराती दोन्ही खपतात.

या प्रवासात तुमच्याकडे काम एकच आहे. जंगलाच्या कडेला शेताचा एक तुकडा आहे, त्यावर घरातल्या माणसाचं नाव लागायला हवं. साल बदलेल, सरकार बदलेल, जिल्ह्याची पाटी बदलेल. घर तेच, शेत तेच. दर वेळी तुम्ही त्या घरातल्या वेगळ्या पिढीत जागे व्हाल आणि एकच गोष्ट विचारत निघाल: सही कोणाची लागते, आणि सही करणारा बसतो कुठं?

१८२५

रूळ नाहीत, रस्ता नाही. बैलगाडी जाईल अशी वाटसुद्धा मोजक्याच गावांपर्यंत. पावसाळ्यात नद्या फुगल्या की तुम्ही जिथं आहात तिथंच.

सात वर्षांपूर्वी, १८१८ च्या जूनमध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज नावाच्या अधिकाऱ्यानं धुळ्यात कचेरी थाटली, पण ते तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तुमच्यासाठी राज्य म्हणजे डोंगरातला नाईक. त्याची माणसं, त्याचा हक्क, आणि खालच्या मैदानातल्या गावांकडून त्याला मिळणारी ठरावीक देणगी. पश्चिमेला सोनगडचा किल्ला आहे. गायकवाडांची पहिली गादी तिथली, तिकडचा मुलूख अजूनही बडोद्याचा. पण जंगलात उभं राहून बडोदा कुठं संपतं आणि खानदेश कुठं सुरू होतो, हे कोणी बोट ठेवून दाखवू शकत नाही. सागाला हद्द नसते आणि गुरं चारणाऱ्यालाही नसते.

या वर्षी मात्र धुळ्याला एक गोष्ट कळून चुकली आहे: नुसत्या फौजेनं हा डोंगर ताब्यात राहणार नाही. म्हणून भिल्ल एजन्सी नावाची वेगळी व्यवस्था सुरू झाली आणि तिकडे धरणगावला जेम्स आउट्रॅमनं भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. मैदानाला एक कायदा आणि डोंगराला दुसरा, ही पद्धत इथून सुरू होते. ती नाव बदलून पुढं तुम्हाला पुन्हा भेटेल.

शेताच्या तुकड्याचं काय? या साली त्याला कागद नाही आणि कागदाची गरजही नाही. गावच्या कारभाऱ्यानं चार माणसांत हो म्हटलं की जमीन तुमची. सही करणारा हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याला लिहिता येत नाही.

१९००

जमीन फुटली आहे. छप्पन्नचा दुष्काळ चालू आहे, संवत १९५६ चा. पुढच्या तीन पिढ्या साठवणीच्या कणगीकडे बघताना हे साल आठवणार आहेत. मोहाची फुलं संपली, आता कंदमुळं.

याच दिवसांत खोऱ्यातून लोखंडी रूळ पूर्ण होतात. ताप्ती व्हॅली रेल्वे ही खासगी कंपनी, कारभार मुंबईच्या किलिक निक्सनकडे. सुरतहून निघालेली गाडी अमळनेरपर्यंत जाते, पुढं जळगाव-भुसावळशी जोड आहे. तुम्ही त्या गाडीत बसलात तर खिडकीतून सरकारं बदलताना दिसतात. बारडोली इंग्रजांची. व्यारा आणि सोनगड बडोद्याच्या महाराजांचे. तिथून गाडी नवापूरकडे आली की पुन्हा इंग्रजी मुलूख, पण आता जिल्हा खानदेश आणि साहेब धुळ्याचा. एका तिकिटात दोन राज्यं. नवापूर अजून पुरता तालुकाही नाही, पेटा आहे.

गाडी कशासाठी आली हे फलाटावर बघा. लाकूड. डोंगरातला साग ओंडक्यांनी रचून ठेवला आहे. १८७८ च्या कायद्यानं जंगलाचा मोठा भाग राखीव झाला, आणि राखीव म्हणजे तुमचा नव्हे हे सांगायला दगडांचे ढीग रचून हद्द आखली गेली. तुमच्या आजोबांनी जिथं राब भाजून नागली पेरली, तो तुकडा त्या ढिगांच्या आतल्या बाजूला गेला आहे.

म्हणून या साली सरकार म्हणजे जंगलाचा नाकेदार. कलेक्टर हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर येतो, आमराईत मुक्काम पडतो, अर्ज ऐकले जातात, असं ऐकून माहीत. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. नाकेदाराला रोज बघता. त्याला कोंबडी द्यावी लागते, वेठ करावी लागते, लाकूड तोडायला बोलावलं की जावं लागतं. शेताच्या तुकड्यावर नांगर चालवायचा की नाही हे तो तोंडी ठरवतो. त्याचा कागद नाही, पावती नाही, म्हणून पुढं दाखवायला पुरावाही नाही.

१९०६ आणि नंतरची काही वर्षं

इथं फार थांबू नका. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशाची कचेरी जळगावला, पश्चिम खानदेशाची धुळ्यालाच. तुमचं गाव पश्चिम खानदेशात राहिलं, म्हणजे तुमच्यासाठी काहीही हललं नाही. कागदाच्या मथळ्यावर एक शब्द वाढला, इतकंच.

१९४० च्या दशकात चिंचपाड्यात मिशनचा दवाखाना उभा राहिला, तेव्हा मात्र काहीतरी हललेलं दिसतं. रुग्ण झोळीतून, खाटेवरून, बैलगाडीतून येतात. पलीकडच्या मुलखातून गाडीनंही येतात. लोकांनी जायचं सोडून एखादी मोठी संस्था लोकांकडे आली, असं या पट्ट्यात फारसं घडलेलं नव्हतं. सरकारी कचेऱ्यांना त्याच अंतरासाठी अजून पन्नासेक वर्षं लागणार आहेत.

१ मे १९६०

नवापूरच्या फलाटावर उतरा. आजपासून महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्यं आहेत, आणि त्यांच्यामधली रेघ याच फलाटावरून गेली आहे. स्थानक बांधलं तेव्हा इथं एकच मुंबई इलाखा होता. रेघ आखणाऱ्यांनी गावं वाटली, पण फलाट कापता येईना. म्हणून तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तर गुजरातेत, अशी वाटणी होऊन बसली. पुढं इथं एक बाक प्रसिद्ध होईल, अर्ध्यावर महाराष्ट्र आणि अर्ध्यावर गुजरात रंगवलेला. लोक मधोमध बसून फोटो काढतील. मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत गाड्यांची घोषणा होईल. गुजरातेत दारूबंदी, म्हणून फलाटाच्या एका टोकाला चालणारी बाटली दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरेल.

गंमत इथं संपते. फलाटाबाहेर ही रेघ फार माणसांच्या अंगावरून गेली आहे. पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा भागातली दीडशेच्या आसपास गावं आज गुजरातेत गेली. निझर गेलं, कुकरमुंडा गेलं. दक्षिणेला डांगही गुजरातकडे गेला, ज्याच्यासाठी दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं भाषेचे पुरावे मांडले होते. डांगातला माणूस मराठी बोलतो की गुजराती यावर पुस्तिका निघाल्या, भाषणं झाली. तो घरात जे बोलतो ते दोन्हींपैकी एकही नव्हतं, या गोष्टीला वादात फारसं स्थान मिळालं नाही.

तापीकाठची गावं देण्यामागं पाण्याचा हिशेब होता. तापीवर उकाईला मोठं धरण व्हायचं होतं. जी जमीन बुडणार आणि ज्या राज्याला पाणी मिळणार, ते दोन्ही एकाच सरकारच्या हाताखाली असले तर काम सोपं. १९७२ मध्ये धरण पूर्ण झालं आणि पाणी मागं मागं चढत महाराष्ट्रातही शिरलं.

तुमचं गाव इकडच्या बाजूला राहिलं. तुमच्या बहिणीचं सासर तिकडच्या बाजूला गेलं. लग्नं थांबली नाहीत, बाजार थांबला नाही, देवाची वाट थांबली नाही. जातीचा दाखला मात्र आता दोन राज्यांचा झाला. मुलीनं माहेरच्या कागदावर सासरच्या गावात काही मागितलं की टेबलापलीकडून प्रश्न येतो: तुम्ही कुठल्या राज्याच्या?

१९७४

पश्चिम खानदेशाचं नाव आता धुळे जिल्हा. १९६२ पासून जिल्हा परिषद आहे, नवापूरला पंचायत समिती आहे. बीडीओ, ग्रामसेवक, तलाठी, सर्कल अशी नवी माणसं तुमच्या बोलण्यात आली. शाळा झाली, आश्रमशाळा झाली. सरकार जवळ आल्यासारखं वाटतं, जोपर्यंत काम जमिनीचं नसतं.

आज सकाळी वनखात्याच्या गार्डनं तुम्हाला त्या तुकड्यावर नांगर धरताना पकडलं. शब्द नवा आहे: अतिक्रमण. रेंज ऑफिसात नेलं, दंड भरायला लावला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तुमच्या हातात कागद ठेवला. ही पावती नीट बघा. पातळ पिवळट कागद, कार्बनची निळी अक्षरं, डावीकडं छापील क्रमांक. तुमचं नाव चुकीचं लिहिलं आहे, पण बापाचं नाव बरोबर आहे. गाव, तारीख, कंपार्टमेंट नंबर. आणि गुन्ह्याच्या रकान्यात, सरकारी माणसाच्या हातानं लिहिलेलं वाक्य, की अमुक ठिकाणी तुम्ही जमीन नांगरून पेरणी केली.

घरी आल्यावर तुम्ही तो कागद चुलीत घालायला निघता. घरातल्या बाई तो हातातून घेतात. पुन्हा दंड मागायला आले तर दाखवता येईल, म्हणून घडी करून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवतात, लुगड्यांच्या खाली.

मग तुम्ही ठरवता, वर जाऊन दाद मागायची. वर म्हणजे धुळे. विसरवाडीला जाऊन हायवेवर एसटी धरायची, कोंडाईबारीचा घाट, दहिवेल, साक्री. शंभरेक किलोमीटर. कचेरीत पोचेपर्यंत दुपार झालेली असते. साहेब मीटिंगला गेलेत. उद्या या. उद्या येण्यासाठी आज इथंच झोपावं लागतं, स्टँडच्या बाकावर, भाकरी फडक्यात बांधून आणलेली असली तर बरं. दुसऱ्या दिवशी बारनिशीत अर्जावर शिक्का पडतो. वनखात्याचा विषय आहे, तिकडे जा. दोन दिवसांची मजुरी बुडाली, भाडं गेलं आणि अर्जाला आवक क्रमांक मिळाला.

या फेऱ्या मोजत बसू नका. तुमच्या पाड्यावरच्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी या वाटेनं गेलेलं आहे. जिल्ह्याचं ठिकाण किती लांब याचं उत्तर इथं किलोमीटरमध्ये मिळत नाही. किती दिवसांची मजुरी बुडते, त्यावर अंतर ठरतं.

१ जुलै १९९८

आज नंदुरबार जिल्हा झाला. धुळ्यातून सहा तालुके निघाले: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावचं अक्राणी. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या जवळ निघेल आणि त्यातले दर शंभरातले ६९ आदिवासी असतील. राज्यात असा दुसरा जिल्हा नसेल.

चिंचपाड्यातून सकाळची पॅसेंजर धरा, खांडबारा मागं टाका, नंदुरबारला उतरा. कलेक्टर, एसपी, झेडपी, सगळं एका गावात. साहेब मीटिंगला असले तरी संध्याकाळच्या गाडीनं घरी येता येतं, गुरांना पाणी पाजता येतं. शंभर वर्षांत कुठल्याही सुधारणेनं तुमच्या घराला एवढं दिलं नव्हतं: एक रात्र.

पण आता नकाशा नीट उलगडून बघा. तो एक नाही. महसुलाचा जिल्हा नंदुरबार आणि विभाग नाशिक. वनखात्याचं वर्तुळ अजून धुळ्याचं. आदिवासी विकासाचा प्रकल्प अधिकारी नंदुरबारला, त्याच्यावरचे आयुक्त नाशिकला. हायकोर्टात जायचं तर औरंगाबादचं खंडपीठ. मुलाची डिग्री जळगावच्या विद्यापीठाची. आणि ज्या फलाटावरून तुम्ही रोज ये-जा करता तो पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात मोडतो, म्हणजे चिंचपाड्यात गाडी थांबवायची की नाही हे मुंबई सेंट्रलला ठरतं. खासदार निवडायचा तर तुमच्या मतदारसंघात पुढं शेजारच्या जिल्ह्यातलं साक्री आणि शिरपूरही असेल. एका घराच्या छपरावरून इतक्या हद्दी गेलेल्या आहेत आणि प्रत्येकीचं टोक वेगळ्या शहरात आहे.

सरहद्दीपलीकडेही तेच चाललं आहे. १९६० मध्ये गेलेली निझरकडची गावं सुरत जिल्ह्यात पडली होती. २ ऑक्टोबर २००७ ला गुजरात सरकार सुरतचा पूर्व भाग काढून तापी जिल्हा करेल आणि कचेरी व्याऱ्याला आणेल. तुमच्या बहिणीच्या सासरचीही एक रात्र वाचेल, तुमच्यानंतर नऊ वर्षांनी.

फेब्रुवारी २००६

जिल्हा जवळ आला म्हणजे काय, ते या महिन्यात दिसतं. नवापूर हे कुक्कुटपालनाचं मोठं केंद्र झालं आहे, शेडमागं शेड. कोंबड्या मरू लागतात. १८ तारखेला जाहीर होतं: बर्ड फ्लू, देशातला पहिला. पांढरे पोशाख, गॉगल, तोंडाला मास्क लावलेली माणसं शेडमध्ये शिरतात. लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले जातात. प्रशासन कंपास घेऊन नकाशावर वर्तुळं काढतं, आणि वर्तुळाला राज्याची रेघ कळत नाही. त्याचा एक भाग गुजरातेत पडतो, म्हणून दोन राज्यांची दोन पथकं एकाच आजाराच्या मागं आपापल्या बाजूनं फिरतात.

कधी नव्हे ते अख्खं जिल्हा प्रशासन तुमच्या तालुक्यात मुक्कामाला आहे. पाड्यावर घरामागं फिरणाऱ्या चार कोंबड्यांची नोंद घ्यायलासुद्धा कर्मचारी येतो. ठरवलं तर सरकार घरापर्यंत येऊ शकतं, हे तुम्ही त्या महिन्यात डोळ्यांनी बघता.

याच वर्षाच्या शेवटी, २९ डिसेंबरला, दिल्लीत एका कायद्यावर राष्ट्रपतींची सही होते. वनहक्क कायदा.

२००९

पेटी उघडा. लुगड्यांच्या खाली हात घाला.

नव्या कायद्यात लिहिलं आहे की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी माणूस वनजमीन कसत असेल तर त्या जमिनीवर, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, त्याचा हक्क मान्य करावा. पुरावे कोणते चालतील याची यादी नियमांत आहे, आणि त्या यादीत वनखात्याचे स्वतःचे कागदही बसतात. १९७४ ची दंडाची पावती तुम्हाला गुन्ह्याचा डाग वाटली होती. आता ती तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे. तुम्ही त्या जमिनीवर पेरणी करत होता, हे खुद्द सरकारनंच लिहून दिलेलं आहे, तारखेसकट.

कागदाचा प्रवास पहिल्यांदा उलट्या दिशेनं सुरू होतो. अर्ज आधी गावाच्या वनहक्क समितीकडे. समितीची माणसं, तलाठी आणि गार्ड मिळून जागेवर येतात. एक तरुण हातात जीपीएस धरून बांधाच्या कडेनं चालतो, प्रत्येक कोपऱ्यावर थांबतो, आकडा टिपतो. ज्याच्या आधीच्या पिढीनं दंड केला त्या खात्याचा माणूस आज पंचनाम्यावर सही करतो. म्हातारा शेजारी जबाब देतो: हे मोहाचं झाड माझ्या बापानं इथंच पाहिलं होतं, तेव्हाही हे घर हीच जमीन कसत होतं. मग ग्रामसभेचा ठराव. मग प्रांताधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालची उपविभागीय समिती. मग कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती, आणि अखेरची सही तिथं. मंजूर झालं तर पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव येतं. पावती पेटीत ठेवणाऱ्या बाईचंही.

सगळ्यांचं मंजूर होत नाही. पुरावा एकच जोडला म्हणून परत, मोजणीत फरक आला म्हणून परत. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्ट दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश देईल आणि पंधरा दिवसांत, २८ तारखेला, स्वतःच त्याला स्थगिती देईल. त्या पंधरा दिवसांत पाड्यावर झोप कोणाला लागणार आहे? सही पुन्हा दिल्लीत जाऊन बसलेली असेल.

२०१४, दोन ठिकाणी

मार्च महिना. महाराष्ट्रानं पेसा कायद्याचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम काढले. मूळ कायदा १९९६ चा, नियम यायला अठरा वर्षं लागली. नवापूर तालुका पाचव्या अनुसूचीत पूर्ण येतो, म्हणून इथं ते लागू होतात. मैदानाला एक कायदा आणि डोंगराला दुसरा ही १८२५ ची पद्धत परत भेटली, पण आता हेतू वेगळा लिहिला आहे. एका ग्रामपंचायतीत पाच पाडे असतील तर एखाद्या पाड्यानं ठराव करून आपलं स्वतंत्र गाव मागावं, ठराव प्रांतामार्फत वर जावा, आणि त्या पाड्याची स्वतःची ग्रामसभा व्हावी. गौण वनोपज, जमीन, पाणी, बाजार यांवर तिनं बोलायचं.

पुढच्याच महिन्यात, ७ एप्रिलला, इटलीत कायदा क्रमांक ५६ जारी होतो. जरा तिकडे जाऊ. बार्दोनेक्किया नावाच्या गावात, आल्प्सच्या कुशीत, फ्रान्सच्या सरहद्दीवर. इथंही रेल्वे आहे, १८७१ मध्ये खुल्या झालेल्या फ्रेजूस बोगद्यातून ती फ्रान्सला जाते. तीनेक हजार वस्ती, बर्फ, लाकडाची घरं. हे गाव तोरिनो प्रांतात होतं. नव्या कायद्यानं रोम, मिलान, नेपल्स, तोरिनो अशा मोठ्या शहरांभोवतीचे प्रांत मोडून तिथं महानगर क्षेत्रं केली आणि १ जानेवारी २०१५ पासून कारभार त्यांच्याकडे गेला. तोरिनोच्या महानगरात तीनशेहून जास्त पालिका आहेत, त्यातल्या कित्येक डोंगरातल्या, जिथून कारखान्याची चिमणी दिसत नाही. अकरा विभाग पाडले, सगळ्या महापौरांची परिषद ठेवली. पण महानगराचा प्रमुख कोण? तोरिनो शहराचा जो महापौर, तोच. त्याला मत देतात शहरातले लोक. बार्दोनेक्कियाच्या माणसानं त्याला कधी मत दिलेलं नाही आणि देताही येत नाही. २०२१ मध्ये तिथलं घटना न्यायालयही म्हणेल की ही गोष्ट बरी नाही, संसदेनं दुरुस्त करावी.

त्या गावाला रस्ते आहेत, दवाखाने आहेत, तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी आल्प्सच्या त्या माणसाला तुमचा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. एकाच वसंतात तिकडे डोंगराचा कारभार शहराच्या गळ्यात बांधला आणि इकडे कागदावर का होईना, तो पाड्याच्या हातात दिला. श्रीमंत देशानं वर सरकवलं ते गरीब तालुक्याला खाली मिळालं. ते वापरायचं की पेटीत ठेवायचं, हे पाड्यावर ठरणार आहे.

आज

या मुक्कामावर तारीख नाही, कारण ही सभा कुठल्याही महिन्यात असू शकते. शाळेच्या ओट्यावर सतरंजी अंथरली आहे. विषय एकट्या शेताचा नाही, गावाच्या जंगलावरचा सामूहिक हक्क. बांबू, तेंदू, मोह, चराई, सगळं त्यात आलं. पोरं शहरातून फोनवर व्हिडिओ पाठवतायत, कोणी ऊसतोडीला गेलंय, कोणी सुरतला.

समितीचा सचिव हजेरीचं रजिस्टर मोजतोय. नियम कडक आहे: गावातले निम्मे प्रौढ हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. बाया केव्हाच पुरल्या, ओट्याची डावी बाजू भरून गेली आहे. एकूण आकडा अडला आहे. सचिव पुन्हा मोजतो, पेन कानामागं ठेवतो आणि सरळ तुमच्याकडे बघतो. एक माणूस कमी पडतोय. तो येईपर्यंत सभा सुरू होणार नाही, ठराव लिहिला जाणार नाही, प्रांताकडे काही जाणार नाही.

बसा. अंगठा उठवू नका, सही करा. आणि ठराव लिहून झाला की मोठ्यानं वाचून घ्यायला लावा, कंपार्टमेंट नंबर दोनदा. त्यात एक आकडा चुकला तरी कागद नंदुरबारहून परत येतो.